एकाच वसाहतीत लहानमोठी घरं: कुठे जमलं, कुठे फसलं?

मधली_आळी

नमस्कार मंडळी. विषय थोडा घरचाच आहे.

खारघरच्या बाजूच्या एका मोठ्या वसाहतीत आम्ही नऊ वर्षं राहतोय. मागच्या अंगाला वन आरकेच्या ईडब्ल्यूएस (अत्यल्प उत्पन्न गट) इमारती, त्यांना लागून एलआयजी (अल्प उत्पन्न गट), आणि रस्त्याकडे आमच्या टू बीएचकेच्या एमआयजी (मध्यम उत्पन्न गट). सोसायट्या वेगळ्या, पण मध्ये बाग एकच. बागेतून एक पायवाट जाते. तिकडची पोरं त्या वाटेने शाळेत जातात, आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई त्याच वाटेने येतात आणि रविवारी आमच्यातले अर्धे लोक त्याच वाटेने तिकडच्या मासेवालीकडे जातात.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सभा आहे. विषय क्रमांक ३: बागेच्या कडेने भिंत बांधणे. कारण काय, तर दोन सायकली चोरीला गेल्या आणि काही पोरं बागेतून बाइक दामटतात. बाइकचं खरं आहे, मीही दोनदा ओरडलोय. सायकली कोणी नेल्या हे कोणालाच माहीत नाही, पण "तिकडच्यांनी" हे सगळ्यांना माहीत आहे.

मी कमिटीत विरोध केला. तेव्हा अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "मग तुम्हीच सांगा साहेब, अशी मिसळलेली वसाहत नीट चाललेली कुठे बघितली आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा धागा. ठाणे, नवी मुंबई, कुठलंही चालेल. कुठे जमलं आणि कशामुळे जमलं?

चिंबोरी

जागा पकडली आहे. चकली, चिवडा आणि स्टीलचा ग्लास घेऊन बसलेय.

पारसिक_टेकडी

अप्रिय बोलतो. मी अशा वसाहतीत सहा वर्षं काढून कळव्याला परत आलो. कोणी वाईट नसतं, मान्य. पण मेंटेनन्सचा प्रश्न आला की माणसं वेगळी होतात. एका सोसायटीत तीन प्रकारची घरं होती. रंगकामाचा विषय निघाला की वन आरकेवाले म्हणायचे यंदा नको, थ्री बीएचकेवाले म्हणायचे आत्ताच हवं. शेवटी इमारतीला रंग कधी लागलाच नाही आणि सगळ्यांच्या भिंतींना ओल आली. भिंत बांधा नाहीतर नका बांधू, हिशोब वेगळे ठेवा. प्रेम टिकतं.

आठवा_मजला

मी "तिकडची" आहे. तुमच्या वसाहतीतली नाही, तळोज्याची. सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, त्यांच्या २०१८ च्या सोडतीत आमचा नंबर लागला. २५.८१ चौरस मीटरचं घर. हा आकडा मला माझ्या जन्मतारखेपेक्षा पाठ आहे.

पारसिक, मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी आमच्याही जिन्याखाली लागते. ती एकदा नीट वाचा. वरची बरीच नावं इथे राहतच नाहीत. घर घेतलं, भाड्याने दिलं, आणि मालकाचा फोन लागत नाही. जे राहतात ते उशिरा देतात, पण देतात. चौदाव्या मजल्यावर सासूबाई असतील तर लिफ्टचे पैसे कोण थकवेल हो? लिफ्ट बंद पडली की पहिला हाल आमचाच.

चाललंय का विचाराल, तर मेट्रो आल्यापासून चाललंय. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. त्याआधी शेअर रिक्षाने खारघर स्टेशन, मग लोकल. नवरा दहाला घरी यायचा. मुलगा त्याला "रविवारचे बाबा" म्हणायचा. घर स्वस्तात मिळालं खरं, पण ते स्वस्त आहे असं वाटायला मेट्रो यावी लागली.

चिंबोरी

रविवारचे बाबा! चकली हातातच राहिली.

नकाशेकाका

धागाकर्त्याच्या अध्यक्षांना बेलापूरला घेऊन जा. आयुष्याची बरीच वर्षं नगररचनेच्या ड्रॉइंग बोर्डावर वाकून गेली आहेत, तेव्हा जरा लांब लिहितो.

नवी मुंबईची कल्पना १९६५ च्या सुमारास मांडली ती चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते. पुढे ऐंशीच्या दशकात त्यांनी सीबीडी बेलापूरला टेकडीच्या पायथ्याशी जी वसाहत केली, तिला आज सगळे आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. साधारण साडेपाचशे कुटुंबांसाठी. गंमत प्लॉटच्या मापात आहे. सर्वांत लहान ४५ चौरस मीटर, सर्वांत मोठा सुमारे ७५. गरीब आणि बऱ्या घरातल्या माणसाच्या जमिनीत दुपटीचाही फरक नाही. हे आपोआप झालेलं नाही, ठरवून केलेलं आहे.

सात घरं एका अंगणाभोवती, साधारण आठ बाय आठ मीटरच्या. अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण, ती मिळून त्याहून मोठी जागा. घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपापलं घर आपल्या ऐपतीने वाढवता येतं. शेजाऱ्याची परवानगी मागत बसायला नको. पोरगा नोकरीला लागला, वर खोली चढवली. पोरीचं लग्न, पुढे ओटा. घर माणसाबरोबर वाढलं.

मला विचाराल तर मुद्दा इथे आहे. ज्याची मिळकत वाढणार आहे त्याला वाढणारं घर द्या. टॉवरमधलं घर वाढत नाही. माणसाचं बरं झालं की तो घर सोडून जातो, त्या जागी भाडेकरू येतो आणि आठव्या मजल्यावरच्या ताईंनी सांगितलेली यादी लांबत जाते.

वाशीचा_वाश्या

काका, आदर आहे, पण आर्टिस्ट व्हिलेजमध्ये शेवटचे कधी गेला होतात? उतरती छपरं किती उरलीत? बरीच घरं पाडून तिथे दोन-तीन मजली बंगले झालेत. अंगणात गाड्या. ज्यांच्यासाठी बांधलं त्यांच्यातले किती राहिले?

नकाशेकाका

वाश्या, गेल्या दिवाळीत गेलो होतो. छपरं गेली हे खरं, वाईटही वाटलं. पण अंगण गेलं नाही. गाड्यांच्या मधून का होईना, पोरं किल्ला बांधत होती. घराचा आकार बदलायचाच, तो बदलावा म्हणूनच तर तसं आखलं होतं. घर पाडून बंगला बांधणाऱ्याला सात घरांचं अंगण एकट्याला गिळता आलं नाही, हे यश मी मोजतो. जुने किती राहिले या प्रश्नावर मात्र तुझं बरोबर. घर चांगलं झालं की महाग होतं, याला उत्तर कोणाच्या ड्रॉइंग बोर्डावर नव्हतं.

अजून एक. जागतिक बँकेच्या पैशातून १९८५ ते १९९४ मध्ये मुंबई परिसरात प्लॉट आणि सोयी देण्याची योजना झाली. जुने लोक बीयूडीपी म्हणतात. मुंबईत चारकोप, गोराई. सरकारने प्लॉट, रस्ता, पाणी, गटार द्यायचं आणि घर लोकांनी बांधायचं. त्याच आखणीत मोठे आणि दुकानांचे प्लॉट बाजारभावाने विकायचे आणि त्या पैशातून लहान प्लॉटची किंमत खाली आणायची. श्रीमंत शेजारी तिथे उपकार म्हणून नव्हता, हिशोबातच होता. चारकोपला लहान प्लॉटवाल्यांच्या पस्तीसेक कुटुंबांच्या सहकारी संस्था केल्या. सुरुवातीला ओसाड माळ म्हणून लोकांनी नावं ठेवली, आज चारकोपला जागा मागून बघा.

गाव_घणसोली

सगळ्यांनी सिडको, कोरिया, जागतिक बँक केलं. आमचं गाव कोणाला दिसलं नाही.

नवी मुंबईत कामाला आलेला माणूस पहिल्या रात्री कुठे झोपला? गावठाणात. घणसोली, तळवली, गोठिवली, कोपरखैरणे, जुहूगाव. आमच्या जमिनी शहरासाठी गेल्या. १९८४ ला जासईला गोळीबार झाला, आमची माणसं गेली, दि. बा. पाटील साहेबांच्या मागे सगळा समाज उभा राहिला, तेव्हा गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले. शेती नाही, मिठागर नाही, मग आम्ही खोल्या बांधल्या. त्याला तुम्ही अनधिकृत म्हणता, आम्ही गरजेपोटी म्हणतो. आमच्या चाळीत खाली बिहारचा रंगारी, वर साताऱ्याचा माथाडी, त्याच्यावर कॉल सेंटरची तीन पोरं आणि सगळ्यात वर आम्ही. सोडत नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. यालाच मिश्र वसाहत म्हणतात ना?

पारसिक_टेकडी

गाववाले, भावना समजू शकतो. पण त्याच चाळीत दोन इमारतींमध्ये हात आडवा घालता येत नाही. आग लागली तर बंब आत जाणार नाही. शिळफाट्याला २०१३ साली इमारत पडली, ७४ माणसं गेली. तीही स्वस्तच घरं होती.

गाव_घणसोली

शिळफाट्याची ती इमारत गरजेपोटी नव्हती, लोभापोटी होती. बंबाचं मान्य. माझ्या लग्नात बँडवाल्यांना एका रांगेत यावं लागलं होतं.

चिंबोरी

आधी पिपाणी, मग अर्ध्या तासाने ढोल. 😄

घोडबंदरची_धूळ

ठाण्याचा अनुभव देतो. २०१३ च्या नियमानुसार मोठ्या शहरांत ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या गृहप्रकल्पात २० टक्के घरं अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटाला ठेवावी लागतात. ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. त्यातलं एक मला लागलं. पेढे वाटले.

ताबा घ्यायला गेलो तर पुढे तीन टॉवर, कारंजं, जलतरण तलाव. आमची इमारत मागे, नाल्याच्या कडेला, वेगळं गेट. गेटवर संकुलाचं नावसुद्धा नाही, फक्त "बिल्डिंग क्र. ४". पुढच्या बागेत मुलीला घेऊन गेलो तर वॉचमन म्हणाला, "सर, आप पीछेवाले हो ना?" त्या दिवशी फार लागलं. मुलगी चार वर्षांची. तिने घरी येऊन विचारलं, पीछेवाले म्हणजे काय? मी सांगितलं, आपल्याला मागून डोंगर दिसतो ना, म्हणून.

आता दुसरी बाजू. पुढच्या टॉवरमधल्या ओळखीच्याने मेंटेनन्सची पावती दाखवली. मी मनात वॉचमनचे आभार मानले. त्या तलावाचा, कारंजाचा, जिमचा खर्च माझ्या बोकांडी बसला असता तर वर्षभरात घर विकायची वेळ आली असती. तेही जमलं नसतं, सोडतीचं घर पाच वर्षं विकता येत नाही. त्यामुळे वेगळं गेट ही अपमानाची गोष्ट आहे की सोय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अवांतर: आमची एकमेव लिफ्ट दीड महिना बंद आहे. पार्ट येतोय म्हणतात. पार्ट बहुधा चालत येतोय.

मानद_सचिव

घोडबंदर यांनी नेमकं बोट ठेवलंय. अकरा वर्षं सचिव आहे, जरा नियम सांगतो, कारण भांडणं यातूनच होतात.

आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, सेवा शुल्क, म्हणजे वॉचमन, झाडलोट, सामाईक वीज, कार्यालय वगैरे, सगळ्या सदनिकांना समान असतं. घर ३०० फुटांचं असो की हजार फुटांचं. लिफ्टची देखभालही समान. दुरुस्ती निधी मात्र बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान पाऊण टक्का, आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) पाव टक्का, म्हणजे मोठ्या घराला जास्त. पाणी नळांच्या संख्येवर.

ज्या संकुलात तलाव-जिम आहे तिथे एकच सोसायटी केली तर लहान घरवाला मोठ्याच्या चैनीचा समान वाटेकरी होतो. पारसिक यांचा रंग का लागला नाही ते यातच आहे: मोठ्या घरवाल्यांना सगळं आत्ता हवं असतं, लहान घरवाल्यांचं गणित आधीच ताणलेलं असतं, आणि मतं मात्र प्रत्येकी एक. आम्ही कोपरखैरण्यात असं केलं: सोसायट्या वेगळ्या आणि वर फेडरेशन, म्हणजे सगळ्या सोसायट्यांचा मिळून एक संघ. फेडरेशनकडे फक्त चार गोष्टी: अंतर्गत रस्ता, दिवे, बाग, पाण्याची मुख्य टाकी. बाकी ज्याचं त्याने. पारसिक म्हणतात तसे हिशोब वेगळेच, पण बाग एक. फेडरेशनचा अध्यक्ष एक वर्ष मोठ्या घरांतला, एक वर्ष लहान घरांतला. लहान घरांतले माथाडी मंडळातले एक तात्या अध्यक्ष झाले तेव्हा पहिल्यांदा आमचे सगळे दिवे एका वेळी लागले.

धागाकर्त्यांना आगाऊ सल्ला: ती बाग तुमच्या सोसायटीच्या प्लॉटमध्ये आहे का, हे मंजूर नकाशात बघा. बाग सामाईक असेल तर सभेने शंभर ठराव केले तरी भिंत बांधता येणार नाही.

मधली_आळी

मानद_सचिव, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच नकाशा काढतो.

साठ_फुटी_रस्ता

एवढी चर्चा झाली, किंमत कोणी काढली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिडकोच्या नव्या योजनेच्या किमती जाहीर झाल्या. अत्यल्प उत्पन्न गटाचं घर तळोज्यात २५ लाखांपासून, वाशीत ७४ लाखांपर्यंत. पात्र कोण? ज्याचं वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न ६ लाखांच्या आत आहे तो. ६ लाख म्हणजे महिना ५० हजार. वाशीच्या घराला ६० लाख कर्ज काढलं, साडेआठ टक्के, वीस वर्षं, तर हप्ता ५२ हजार. पगार संपून वर दोन हजार बायकोकडून उसने. हे घर गरिबाला नाही, ज्याच्या सासऱ्याकडे पैसे आहेत अशा गरिबाला आहे.

चिंबोरी

स्थळं बघताना आता "ईडब्ल्यूएस, सासरा एचआयजी" असं लिहायला हवं.

आठवा_मजला

साठ फुटी बरोबर बोलले. आणि पाणी राहिलंच. खारघर-तळोजा पनवेल महापालिकेत येतं, मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचं आहे. नाव नवी मुंबईचं, महापालिका पनवेलची. मे महिन्यात टँकर आला की एमआयजी कोण आणि ईडब्ल्यूएस कोण हे कळत नाही, सगळ्यांच्या हातात सारखीच बादली.

रेतीबंदर

ठाण्यातलं फसलेलं उदाहरण मी देते, कारण सगळे जमलेलंच सांगताहेत. २००८ ची एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) भाड्याच्या घरांची योजना. १६० चौरस फुटांच्या खोल्या, उंच इमारती. भाड्याने द्यायच्या म्हणून बांधल्या आणि पुढे ठाण्यात धोकादायक इमारतींतून, रस्ता रुंदीकरणातून उठवलेली माणसं तिथे आणून ठेवली. माझी मावशी त्यात होती. "दोन वर्षांसाठी" म्हणून गेली, सात वर्षं राहिली. तिथे कोणी वाईट वागत नव्हतं. पण तिथलं कोणीच तिथलं नव्हतं. उद्या जायचंय म्हणून जिन्यातला दिवा कोणी बदलत नव्हतं. मावशीने सात वर्षांत भिंतीत एक खिळा ठोकला नाही. नकाशेकाका वाढणाऱ्या घराबद्दल म्हणतात, मी म्हणते वाढणं राहू दे, निदान खिळा ठोकता यावा.

नकाशेकाका

रेतीबंदर, हे वाक्य मी नोकरीत असताना कोणी सांगायला हवं होतं.

वाशीचा_वाश्या

दुकानांबद्दल कोणी बोललं नाही. आमच्या जुन्या सेक्टरमध्ये तळमजल्यावर किराणा, चक्की, इस्त्रीवाला. श्रीमंत-गरीब कुठे भेटतात? बागेत नाही, चक्कीवर. गहू सगळ्यांचा एकाच भोकातून पडतो. नव्या टॉवरमध्ये तळाला फक्त पार्किंग. तिथे माणूस गाडीला भेटतो.

पारसिक_टेकडी

हे पटलं. माझ्या त्या वसाहतीतही दुकानं नव्हती. दूध आणायला हायवे ओलांडावा लागायचा.

मधली_आळी

दोन आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व. सभेचा वृत्तांत.

नकाशा काढला. बाग सामाईकच निघाली. मी ते सभेत वाचून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, मग आपल्या हद्दीत, बागेच्या अलीकडे बांधू. झालं, माझा हुकुमाचा एक्का गेला. मग मी बेलापूरची अंगणं काढली, कोपरखैरण्याचं फेडरेशन काढलं. तीन जण ऐकत होते, एक मोबाइलवर सामना बघत होता. आठव्या मजल्यावरच्या ताईंचं थकबाकीचं सांगितलं तेव्हा मात्र शांतता पसरली, कारण आमच्या यादीतले पहिले दोघे समोरच बसले होते.

मग खजिनदारांनी कोटेशन वाचलं. पाया, भिंत, वर काटेरी तार आणि गेट मिळून ११ लाख. आमच्या १६० सदनिका. प्रत्येकी ६८७५ रुपये, एकरकमी, दिवाळीच्या आत. पुढच्या पाच मिनिटांत सगळ्यांना सलोख्याचं महत्त्व पटलं. एका गृहस्थांनी तर "मुलं सगळ्यांचीच असतात" असंही म्हटलं. मागच्या सभेत भिंतीचा ठराव मांडणारे तेच.

ठरलं ते असं: पायवाटेच्या दोन्ही टोकांना लोखंडी खांब, बाइक जाणार नाही आणि बाबागाडी जाईल एवढ्या अंतरावर. खर्च तिन्ही सोसायट्यांनी वाटून घ्यायचा. फेडरेशनसाठी तिकडच्या दोन सोसायट्यांना पत्र द्यायचं. पत्राचा मसुदा माझ्या गळ्यात. सायकलींचा तपास अजून लागलेला नाही.

मानद_सचिव

पत्रात वर्गणी आधी लिहू नका. आधी बागेच्या दिव्यांचं लिहा. आणि पहिली बैठक त्यांच्याकडे घ्या, तुमच्या क्लब हाउसमध्ये नको.

आठवा_मजला

आणि चहा तिकडचा प्या. नाही म्हणू नका.

गाव_घणसोली

खांबांमधून बँड जाईल एवढं अंतर ठेवा, अनुभवाचे बोल.

रेतीबंदर

@घोडबंदरची_धूळ, लिफ्ट सुरू झाली का?

घोडबंदरची_धूळ

पार्ट आला. चुकीचा आला. अजून जिन्यानेच. पण पुढच्या टॉवरचा लिफ्टवालाच आमच्याकडेही आहे असं कळलं, आता दोन्हीकडून मिळून एकत्र तक्रार करतोय. त्यांचीही एक बंद आहे.